झाकल्या बाटलीचे कूळ

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित बियाणे आपल्या देशात प्रसृत झाले आणि पाहता पाहता ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांतल्या मराठीत रुळला. रुळला तो मात्र काहीसा शिवीसारखा. कणसे भरघोस आली, याची कोणी फारशी वाखाणणी केली नाही. भाकरीला पूर्वीची चव नाही, ही तक्रार तेवढी घरोघर झाली. पुढे तर झटपट वाढणारी आणि पोटात सत्त्व नसलेली कोणतीही गोष्ट, मग ती मंडईतली भाजी असो की शेजाऱ्याचा मुलगा असो, ‘हायब्रीड’ ठरू लागली. ती तक्रार खोटी होती असे मला म्हणावयाचे नाही. प्रश्न एवढाच की, तो निवाडा जिभेचा होता, की नावाचा? एक भाकरी मालदांडीची आणि एक संकरित ज्वारीची, अशा दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून किती जणांनी खाऊन पाहिल्या असतील?

द्राक्षांच्या वाईनच्या बाबतीत मात्र असली परीक्षा नित्य होत असते. बाटलीला कापडी पिशवी घालतात, तोंड तेवढे उघडे ठेवतात, पेल्यांवर आकडे टाकतात आणि परीक्षकाला विचारतात की, हे द्राक्ष कोणते? या झाकल्या परीक्षेतील एका अवघड प्रश्नाविषयी आज बोलावयाचे आहे. समोरच्या पेल्यात सुगंधी पांढरी वाईन आहे. ती एखाद्या कुलीन युरोपीय द्राक्षाची, की त्याच द्राक्षाच्या अमेरिकेत जन्मलेल्या संकरित अपत्याची, हे नुसत्या नाकाने आणि जिभेने कसे ओळखावे?

व्याख्यानाला आलेल्या मंडळींपैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, म्हणून एक खुलासा आधीच करतो. ही मद्यपानाची भलावण नव्हे. परीक्षक घोट तोंडात घोळवतो, त्यातून नाकावाटे श्वास सोडतो आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतो. सकाळच्या बैठकीत तीस-चाळीस पेले समोर येतात; ते गिळले तर बारा वाजण्याच्या आत परीक्षकाचेच बारा वाजतील. चहाच्या पेढीवर चाखणारा जसा चहा पीत नाही, तसेच हे.

आता संकर म्हणजे काय ते पाहू. ज्या द्राक्षांपासून युरोपात शतकानुशतके वाईन होत आली, ती जवळजवळ सगळी एकाच जातीची, व्हिटिस व्हिनिफेरा हिची. आपली नाशिक-सांगलीची थॉम्पसन सीडलेसही त्याच जातीची. अमेरिकेच्या रानांत द्राक्षवेलींच्या निराळ्या जाती आहेत: लॅब्रुस्का, रिपारिया, रुपेस्ट्रिस इत्यादी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील वेली युरोपात नेण्यात आल्या आणि त्यांच्याबरोबर फायलोक्सेरा नावाची, मुळांचा रस शोषणारी बारीक कीड गेली. अमेरिकी वेलींना तिची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. युरोपीय वेलींना नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील मळेच्या मळे वाळून गेले. त्यावर दोन उपाय निघाले. एक, अमेरिकी खुंटावर युरोपीय डोळा बांधावयाचा, म्हणजे मूळ परदेशी आणि फळ घरचे. दुसरा, दोन जातींचा संकर करून नवी वेलच जन्माला घालावयाची.

पहिला उपाय कुलीनांच्या घरी मान्य झाला, दुसरा गरिबांच्या. संकरित वेलींना औषध कमी लागे, पीक अधिक येई. छोट्या शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? १९५८ च्या सुमारास फ्रान्समधील द्राक्षक्षेत्राचा जवळपास एक-तृतीयांश भाग संकरित वेलींनी व्यापलेला होता. पण सरकार आणि नामांकित मळेवाले त्यांच्यावर प्रसन्न नव्हते. १९३४ च्या डिसेंबरात फ्रान्सने कायदा करून नोआ, इझाबेल, क्लिंटन, ऑथेलो, जाकेझ आणि एर्बमाँ या सहा वाणांना बंदी घातली. बंदीची कारणे आरोग्याची सांगितली गेली. अतिरिक्त पिकाने पडलेले भाव हे कारणही त्यामागे होते. तेव्हापासून ‘संकरित’ हा शब्द वाईनच्या जगात खालच्या आवाजात उच्चारला जाऊ लागला.

गंमत अशी की, संकर पकडण्याचे एक शास्त्रीय साधन १९५० नंतरच्या दशकात हाती आले. लाल वाईनच्या रंगद्रव्यात माल्व्हिडिन नावाचे द्रव्य असते. व्हिनिफेरात त्याला साखरेचा एकच रेणू जोडलेला असतो. अमेरिकी जातींत व त्यांच्या बहुतेक संकरांत दोन रेणू जोडलेलेही सापडतात. बोर्दोच्या पास्काल रिबेरो-गायाँ यांनी कागदावर थेंब पसरवून हा फरक दाखवण्याची रीत बसवली आणि लाल वाईनमधील भेसळ पकडणे सोपे झाले. पण पांढऱ्या वाईनमध्ये हे रंगद्रव्यच नसते! तिथे रसायनशाळेचा हा पोलीस रिकाम्या हाताने परततो. पानाच्या किंवा फळाच्या तुकड्यावरून वेलीची जनुकीय ओळख आज पटवता येते. पण आंबून, गाळून बाटलीत भरलेल्या वाईनमध्ये ते काम कठीण होते. सारांश, झाकलेल्या पांढऱ्या पेल्यापुढे माणूस आणि त्याचे नाक एवढेच उरते.

ज्या द्राक्षाचे उदाहरण घ्यावयाचे, त्याचे नाव ट्रॅमिनेट. १९६५ साली अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात हर्ब बॅरेट यांनी एक संकर केला. आई झोआनेस सेव्ह २३.४१६ नावाचे फ्रेंच संकरित वाण; आणि परागकण गेवुर्त्सट्रामिनर या प्रख्यात युरोपीय द्राक्षाचे. बॅरेट यांना वाईनचे द्राक्ष हवेच नव्हते. गेवुर्त्सट्रामिनरच्या सुगंधाचे, मोठ्या घडांचे, खाण्याचे द्राक्ष काढावे असा त्यांचा मनोदय होता. खाण्याचे द्राक्ष काही साधले नाही. पण त्या रसाची वाईन चांगली होते असे आढळले. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील, कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगकेंद्रात त्या वेलीवर दीर्घकाळ चाचण्या झाल्या. तिथे तिला नाव नव्हते, एनवाय ६५.५३३.१३ एवढा कैद्यासारखा क्रमांक होता. १९९६ साली तिचे बारसे झाले आणि ती शेतकऱ्यांना देण्यात आली. संकरापासून बारशापर्यंत एकतीस वर्षे! फळझाडांच्या पैदाशीत घाई चालत नाही ती अशी. पुढे इंडियाना राज्याच्या वाईन व्यवसायाने या द्राक्षाला आपले प्रातिनिधिक वाण म्हणून पुढे केले, कारण तिथल्या थंडीत बापाचे डोळे गारठून मरतात आणि लेकीचे पुष्कळसे तग धरतात. शिवाय भुरी, केवडा यांसारख्या बुरशीजन्य रोगांपुढे ती बापाइतकी हतबल नाही.

भुरी आणि केवडा हे शब्द ऐकून नाशिककडची मंडळी कान टवकारतील. अवकाळी पावसाच्या वर्षी बागेत औषधाच्या फवारण्या किती होतात आणि त्यांचा खर्च किती, हे त्यांना सांगावयास नको. फवारणी वाचवणारी वेल ही तेथे सौंदर्याची बाब नसून संसाराची बाब आहे. आपल्याकडेही तसा प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा या अमेरिकी रक्ताच्या वाणाचा ब्यूटी सीडलेसशी संकर करून एआरआय-५१६ हे बुरशीला दाद न देणारे, रसाला व लाल वाईनला उपयोगी वाण सिद्ध केले. युरोपीय संघानेही २०२१ च्या डिसेंबरात आपला नियम सैल केला. स्थाननामाचा मान मिळालेल्या वाईनमध्ये संकरित द्राक्षाला तोपर्यंत मज्जाव होता, तो उठला. म्हणजे कायद्याची हरकत आता फारशी उरली नाही. उरली आहे ती नाकाची. संकरित वाईन खरोखरच हलकी लागते, की लेबल वाचल्यावर हलकी लागते, यावर पुष्कळ शेतकऱ्यांचे भवितव्य अवलंबून आहे.

आता पेल्याकडे वळू. गेवुर्त्सट्रामिनर ओळखणे हे झाकल्या परीक्षेतले सर्वांत सोपे काम मानतात. ‘गेवुर्त्स’ म्हणजे जर्मन भाषेत मसाला. आणि ट्रामिन हे आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावरचे, आज इटलीत असलेले गाव. याचा वास प्रथम भेटतो तो गुलाबाचा. गुलकंदाच्या बरणीचे झाकण काढावे तसा. मागोमाग लिची येते. ही लिची कवीकल्पना नव्हे. १९९९ साली जिनिव्हाच्याच प्रयोगकेंद्रातील पीटर ओंग आणि टेरी अ‍ॅक्री यांनी लिचीचे फळ आणि गेवुर्त्सट्रामिनरची वाईन या दोहोंतील गंधद्रव्ये तपासून पाहिली, तेव्हा दोघांत अनेक द्रव्ये समान निघाली, आणि त्यांत प्रमुख होते सिस-रोझ ऑक्साइड. गुलाबाच्या अत्तरातही ते असते. ते इतके तीव्र आहे की, अब्जात एक भागाहूनही कमी असले तरी सरावलेल्या नाकाला कळते.

त्याच्या जोडीला जिरॅनिऑल आणि लिनॅलूल ही द्रव्ये असतात. नावे परकी वाटली तरी वास आपल्या घरचे आहेत. धने हातावर चुरडले असता जो गोडसर वास येतो, त्यात लिनॅलूलचा वाटा मोठा. आणि जिरॅनिऑल पाहावयाचे असेल तर खानदेशातल्या रोशा गवताचे तेल हुंगावे. हे तेल पूर्वी येथून दूरदेशी जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई, इतके ते गुलाबाशी जुळते. तेव्हा लिची ज्याने कधी खाल्ली नाही, त्यानेही निराश होऊ नये. गुलकंद, धने आणि रोशेल तेल या तीन बाटल्या घरी ठेवून आठवडाभर हुंगल्या, तर या द्राक्षाची बाराखडी पाठ होईल. नाकाचे शिक्षण स्मरणशक्तीचे शिक्षण आहे. त्यात दैवी देणगीचा भाग लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी असतो.

गुलाबाचा वास आला म्हणजे अर्धे काम झाले, कारण इतर सुगंधी पांढरी द्राक्षे एकेक करून बाजूला काढता येतात. मस्कतला ताज्या द्राक्षाचाच वास येतो. वाईन होऊनही फळाची याद राखणारे असे ते जवळजवळ एकटेच. रीस्लिंगला लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा आणि जुने झाल्यावर चक्क घासलेटाचा वास असतो. व्हिओन्ये जर्दाळूकडे झुकते. अर्जेंटिनाचे टोराँटेस फसवते खरे, पण त्याच्या अंगात मस्कतचे रक्त असल्याने तो द्राक्षाचा वास कुठेतरी डोकावतोच. राहिला गुलाब. पण गुलाब बापाकडेही आहे आणि लेकीकडेही. खरी परीक्षा येथून पुढे.

येथे नवशिक्या परीक्षकाची एक हमखास फसगत होते. त्याने ऐकलेले असते की संकरित वाईनला एक विशिष्ट वास येतो. इंग्रज-अमेरिकी लोक त्याला कोल्ह्याचा वास म्हणतात. हा वास लॅब्रुस्का जातीचा. त्याला मुख्यतः कारण होणारे द्रव्य मेथिल अँथ्रानिलेट. तेच जाईच्या फुलातही असते, आणि बंगलोर ब्ल्यू या नावाने मिळणाऱ्या काळ्या द्राक्षाचा रस ज्याने प्यायला आहे, त्याच्या ते चांगले परिचयाचे आहे. मला स्वतःला तो वास मुळीच वाईट वाटत नाही. कोल्ह्याची तर नाहक बदनामी. असो. परीक्षक पेल्यात कोल्हा शोधतो, तो सापडत नाही, म्हणून तो निःशंकपणे ‘युरोपीय द्राक्ष’ असे लिहून मोकळा होतो. ट्रॅमिनेटमध्ये कोल्हा नसतोच. ज्या फ्रेंच संकरापासून ती निघाली, त्यातच तो वास मागे पडलेला होता. तेव्हा कोल्हा आढळला तर अमेरिकी रक्त आहे असे म्हणावे. नाही आढळला, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मग ठरते कशावरून? जिभेवरून, आणि तेही मुख्यतः आंबटपणावरून. गेवुर्त्सट्रामिनरचा स्वभाव असा की, त्याचा सुगंध उशिरा पिकतो आणि आंबटपणा लवकर ओसरतो. सुगंधासाठी शेतकरी थांबला की साखर वाढते, आम्ल उतरते. परिणामी वाईन जड होते, मद्यार्क अनेकदा १३ ते १४ टक्क्यांपर्यंत जातो, घोट जिभेवर जवळजवळ तेलासारखा पसरतो आणि शेवटी किंचित कडसर चव राहते. द्राक्षाची साल गुलाबी असल्याने रंगही गडद सोनेरी, कधी तांबूस छटेचा असतो. ट्रॅमिनेटची साल तशी गुलाबी नाही. वाईन फिक्या गवती रंगाची निघते. नाकाशी गुलाब तोच, पण त्याच्या पाठीशी बहुधा जर्दाळूची नाहीतर मधाची छटा. आणि घोट थुंकल्यानंतर जबड्याच्या मागच्या बाजूस पाणी सुटते. हे पाणी सुटणे म्हणजे आम्लाची पावती. गुलकंदावर लिंबू पिळल्यासारखी ती चव असते. वास बापाचा आणि पाठीचा कणा आईचा, असे ज्या पेल्यात वाटले, तेथे ट्रॅमिनेट लिहिण्यास हरकत नाही.

हे वाचावयास जितके सरळ वाटते तितके पेल्यापुढे नसते. पहिली अडचण साखरेची. अमेरिकेतील पुष्कळ ट्रॅमिनेट वाईन गोडसर ठेवतात, आणि गोडीखाली आंबटपणा दडतो. पन्ह्यात कैरी किती आंबट होती हे कळत नाही, त्याप्रमाणे. अशा वेळी चवीवर भिस्त न ठेवता लाळेकडे लक्ष द्यावे. जिभेची समजूत साखर घालते, लाळेची तितकीशी घालू शकत नाही. दुसरी अडचण सालीची. रस काढण्यापूर्वी काही तास साली त्यात राहू दिल्या तर सुगंध वाढतो, पण कडसरपणाही वाढतो. म्हणून नुसत्या कडूपणावरून बापाचे नाव लिहू नये. तिसरी अडचण थंडीची. पेला फार गार असला तर गुलाब बाहेरच येत नाही आणि आंबटपणा तेवढा टोचतो, मग लेक काय आणि बाप काय, दोघेही रीस्लिंगसारखे वागू लागतात. पेला तळहातात धरून दहा मिनिटे थांबणे हाच त्यावर उपाय. आणि थंड प्रदेशातले, लवकर खुडलेले गेवुर्त्सट्रामिनर समोर आले, तर त्याचा आंबटपणाही बराच असतो. तेथे भलेभले हात टेकतात.

आणि सर्वांत मोठी अडचण डोळ्यांची. २००१ साली बोर्दो येथील मोरो, ब्रोशे आणि ड्युबोर्दिये यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाईन ठेवली, आणि तीच वाईन वास नसलेला लाल रंग घालून पुन्हा ठेवली. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन विद्यार्थ्यांनी लाल वाईनच्या शब्दांत केले. रंग पाहताच नाकाने साक्ष फिरवली! नुसता रंग जर एवढे करतो, तर लेबलावरचे ‘संकरित’ हे अक्षर काय करील, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा. म्हणून काटेकोर परीक्षेत काळ्या काचेचे पेले वापरतात. त्यामुळे रंगाचा एक पुरावा हातचा जातो हे खरे. पण रंगाचा खोटा साक्षीदारही जातो.

कुलीनतेचे म्हणाल, तर ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये तेच बरे. गेवुर्त्सट्रामिनर हेच मुळी साव्हान्यँ या साध्या वासाच्या, पांढऱ्या द्राक्षाच्या वेलीत आपोआप घडलेल्या बदलातून निघाले आहे. आणि शार्दोने, ज्याच्या नावाने पेढ्या चालतात, त्याची एक बाजू पिनो घराण्याची असली तरी दुसरी बाजू गुए ब्लाँ नावाच्या, कोणे काळी हलक्या म्हणून हिणवलेल्या द्राक्षाची आहे, हे १९९९ साली जनुकांच्या तपासणीवरून उघड झाले.

शेवटी एक गोष्ट राहिली. एखाद्याने ‘ट्रॅमिनेट’ असे बरोबर ओळखले, तर ते ज्ञान मानावे की नशीब? दोनच नावांतून एक निवडावयाचे, तर डोळे मिटून बोलणाराही निम्म्या वेळा बरोबर येईल. यासाठी तीन पेल्यांची रीत आहे. दोन पेल्यांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. एक पेला बापाचा व दोन लेकीचे, किंवा उलट. कोणता वेगळा, एवढेच सांगावयाचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येते. अशा सहा फेऱ्या केल्या आणि सहाही वेळा वेगळा पेला सापडला, तर ते केवळ दैवाने घडण्याचा संभव ७२९ मध्ये १. सहापैकी पाच किंवा अधिक वेळा साधले, तर ७२९ मध्ये १३. हेही समाधानकारक म्हणावयाचे. तीनदा-चारदा साधले, तर निकाल राखून ठेवावा आणि गुलकंदाची बरणी पुन्हा उघडावी.

हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, तर पेल्यांचा क्रम परीक्षकाने लावू नये, दुसऱ्याने चिठ्ठ्या टाकून लावावा. खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, आणि त्या दिवशी नाश्त्याला लसणाची चटणी नको. दोन फेऱ्यांच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा पुरे. प्रत्येकाने आपले उत्तर कागदावर लिहून कागद घडी करून द्यावा; मोठ्याने बोलू नये. कारण खोलीतल्या सर्वांत ठाम आवाजाच्या माणसाने ‘गुलाब’ म्हटले की, पुढच्या पाच जणांना गुलाबच येतो.